रुसलेल्या सुनेचं वळण

आमच्या बेटावर पाहण्यासारखं काय काय आहे असं विचारलंत, तर पर्यटन कचेरीतली माणसं लगेच नकाशा पुढे करतील. मला नकाशा लागत नाही. त्यातल्या बऱ्याच जागा मीच जन्माला घातल्यात.

खोटं वाटतंय ना? वाटू दे. जुळा धबधबा खरा आहे, तो माझ्या जन्माच्या आधीपासून पडतोय. शेवाळलेलं जंगल खरं, खिंडीतून दोन बाजूंना दिसणारे दोन समुद्र खरे, पलीकडच्या उताराखालची काळी वाळू खरी आणि पाण्यात पाय रोवून उभी असलेली दगडी कमानही खरी. पण ‘मोडका जबडा’, ‘झोपलेला शिपाई’ आणि सगळ्यांत गाजलेली ती ‘रुसलेली सून’, या सगळ्या माझ्या लोणकढी थापा आहेत. हौसेने मारलेल्या नाहीत. माझ्या बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून मारल्या.

बाबा बस चालवायचे. बस आमचीच, निळ्या पट्ट्याची, छोटी. सकाळी बंदरावरून प्रवासी भरायचे, डोंगर चढून खिंडीत जायचं, पलीकडे उतरून काळ्या वाळूवर जेवण आणि संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने परत. बंदरावर त्यांना सगळे ‘वस्ताद’ म्हणतात. या घाटात ज्यांनी ज्यांनी स्टिअरिंग धरलं, त्यातल्या अर्ध्यांना बाबांनीच शिकवलंय. मी त्यांच्या शेजारी उभी राहून, प्रवाशांकडे तोंड करून माइकवर माहिती सांगते. माझा आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावरचा माणूस दचकून जागा होतो. त्यामुळे बाकीचे ड्रायव्हर मला ‘भोंगा’ म्हणतात. म्हणोत बापडे. भोंग्यावरच चाललं होतं आमचं.

घाटाचा रस्ता एका गाडीपुरता. वळणं अशी की समोरचं काहीही दिसत नाही, डोंगराचा फुगवटा आडवा येतो. म्हणून इथे पद्धत ठरलेली आहे. वळणाच्या अलीकडे लांब हॉर्न द्यायचा आणि कान द्यायचा. पलीकडून उत्तर आलं तर डावीकडे घेऊन थांबायचं, नाही आलं तर निघायचं. आरसे नाहीत, सिग्नल नाही, शिपाई नाही. सगळा घाट कानावर चालतो.

आणि बाबांचे कान गेले. एका दिवसात नाही गेले. इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच, त्याची घरघर जन्मभर उशाला घेतल्यासारखी. आधी त्यांना फोनवरचं ऐकू येईना, मग आईची हाक ऐकू येईना. आई म्हणायची, ‘ते मुद्दाम करतायत, त्यांना काय, बायकोची हाक कधी ऐकायचीच नव्हती.’ मग एकदा गॅसवर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता आणि बाबा त्याच्या शेजारी शांतपणे कांदा चिरत बसले होते. त्या दिवशी आईने पुढे होऊन गॅस बंद केला. मला अंगणात नेऊन एवढंच म्हणाली, ‘तू असतेस ना गाडीत? बघ बाई त्यांच्याकडे.’

बघायचं म्हणजे काय करायचं? कानाचं यंत्र आणलं होतं. दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. ‘कानात झुरळ शिरल्यासारखं वाटतं,’ म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. यंत्र दिसलं की प्रवासी विचारणार, मग बंदरावर बोभाटा होणार, आणि मग वस्तादांच्या गाडीत कोण बसणार?

मग आम्ही दोघांनी, एक शब्दही न बोलता, एक पद्धत बसवली. पलीकडून हॉर्न आला की मी बसच्या डाव्या बाजूला हात लांब करायचा. बाबांना तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा. हात पसरलेला असला की डावीकडे घेऊन थांबायचं, खाली आला की निघायचं. ठरवलं असं काहीच नव्हतं. एकदा मी घाबरून हात केला, ते थांबले, समोरून ट्रक आला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवसापासून तोच नियम झाला.

पण गाइडने हात केला की प्रवासी तिकडे बघणारच की! आणि तिकडे असायचा नुसता दगड. मग मी काय म्हणू? ‘काही नाही हो, माझ्या वडिलांना ऐकू येत नाही’ असं म्हणू? मी म्हणायची, ‘डावीकडे पाहा मंडळी, झोपलेला शिपाई! ते नाक, ती मिशी, ते पोट.’ लोक म्हणायचे, ‘हो की! अगदी हुबेहूब!’ आणि फटाफट फोटो काढायचे. माणसाला एकदा सांगितलं की त्याला दगडातसुद्धा मिशी दिसते.

‘रुसलेली सून’ तशीच झाली. जंगल संपून चढ सुरू होतो तिथलं ते सर्वांत वाईट वळण. तिथे कायम कोणी ना कोणी समोरून यायचंच, म्हणून रोज तिथे काहीतरी दाखवणं भाग होतं. पाठ फिरवून बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, सासूशी अबोला धरलेली. मी तिची सगळी कहाणी रचली. बाकीच्या गाइडांनी ती उचलली, आपापल्या पदरचा मीठमसाला लावून सांगू लागले. एकाने तर तिला जुळी मुलं दिली. आणि या मोसमाच्या सुरुवातीला पर्यटन कचेरीने त्या वळणावर चक्क पाटी लावली. मोठी, पांढरी, बाण दाखवणारी.

पाटी बघून बाबा पोट धरधरून हसले. ‘तुझ्या सुनेला सरकारी नोकरी लागली गं!’ मीही हसले. पण त्या पाटीमुळे लोक तिथे गाड्या थांबवायला लागले, हे मात्र आम्हां दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळ लख्ख होती. बस भरलेली. पहिल्या बाकावर एक टोपीवाले काका, गळ्यात कॅमेरा, हातात पर्यटन कचेरीचं पुस्तक. मी काही सांगायच्या आधीच ते मागे वळून सगळ्यांना सांगायचे. जुळा धबधबा किती उंच, तो कुठल्या खडकावरून पडतो, सगळं पाठ. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. त्यांच्या मागे एक विणकाम करणारी बाई होती. गाडी कितीही हलली तरी तिच्या सुया थांबायच्या नाहीत. आणि मधल्या बाकावर एक तरुण जोडपं, तान्ही मुलगी घेऊन.

धबधब्याशी सगळे उतरले, भिजले, परत चढले. जंगलात मी गाडी हळू घ्यायला सांगितली. सांगितली म्हणजे तळहात खाली केला. तिथे झाडांवर इतकं शेवाळ आहे की खोड दिसतच नाही, ढग सरळ फांद्यांतून फिरतात, खिडकीतून हात काढला तर ओला होतो. कितीही वेळा गेले तरी मला ते जंगल आवडतं. बाबांनाही आवडतं. तिथे ते नेहमी गाडी जरा जास्तच हळू चालवतात.

जंगल संपलं आणि मधल्या बाकावरच्या मुलीची दुधाची बाटली खाली पडून पुढे घरंगळत आली. तिच्या आईला उठता येईना, म्हणून मी वाकले, बाटली उचलली, दोन पावलं मागे जाऊन तिच्या हातात दिली. तेवढाच वेळ मी बाबांच्या शेजारी नव्हते.

टोपीवाले काका त्याच क्षणी उठून माझ्या जागेवर उभे राहिले, डावा हात लांब करून ओरडले, ‘ती बघा, ती बघा रुसलेली सून!’

बाबांना हात दिसला. हात कोणाचा, हे बघायला त्यांनी मान वळवली नाही. इतकी वर्षं कधी वळवली नव्हती. त्यांनी नेहमीसारखी बस डावीकडे, डोंगराला चिकटून घेतली.

आणि तिथे, फुगवट्याच्या आड, त्या पाटीखाली माणसं उभी होती. फोटो काढत होती. पलीकडून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, एकसारखा, थांबतच नव्हता. माणसं किंचाळत होती. मी माइकमध्ये ओरडले, ‘बाबा, थांबा!’ माझा आवाज, त्यात माइक. अख्ख्या बसने कानांवर हात ठेवले, तान्ही मुलगी टाहो फोडून रडायला लागली, आणि बसमध्ये एकच माणूस असा होता की ज्याची मानही हलली नाही.

बाबांना दिसला तो एक पिवळा रेनकोट. तो दिसला आणि त्यांनी ब्रेकवर पाय दाबला. बस थांबली. आमचा आरसा खडकावर आपटून फुटला, काचा खळखळ खाली पडल्या. पिवळ्या रेनकोटमधली मुलगी दगडाला पाठ लावून उभी होती. तिच्या आणि आमच्या बंपरच्या मधून एखादं मांजरही गेलं नसतं.

मी खाली उतरले, त्या मुलीला हात लावून बघितलं, तिच्या वडिलांची माफी मागितली. ते मला वाट्टेल ते बोलले. मी सगळं ऐकून घेतलं, ऐकण्यासारखंच होतं. ‘आम्ही केव्हापासून हॉर्न देतोय! तुमचा ड्रायव्हर बहिरा आहे का?’ असं ते म्हणाले.

बाबा तोवर काचा गोळा करत होते. वर येऊन ते टोपीवाल्या काकांना म्हणाले, ‘पाहुण्यांनी चालत्या गाडीत उभं राहू नये. लक्ष जातं.’ आवाज करडा, वस्तादांचा. काका खजील होऊन बसले. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनीच बस ठोकली. खापर फुटलं ते बिचाऱ्यांच्या टोपीवर. आणि बस पुन्हा चढायला लागली.

वर खिंडीपर्यंत मी माइक हातात घेतला नाही. मी नुसती उभी होते आणि दर वळणाला हात करत होते, कारण न करून सांगते कोणाला? माझ्या डोक्यात एकच होतं. आज हे संपवायचं. उद्या नाही, मोसम संपल्यावर नाही. त्या पिवळ्या रेनकोटमध्ये त्या मधल्या बाकावरचं पोर असू शकलं असतं. खिंडीतून पुढचा रस्ता उतरतो तेव्हा डावी बाजू डोंगराची नसते, दरीची असते. तिथे चुकून कोणी हात केला, तर बाबा बस कुठे घेतील हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

खिंडीत टपरी आहे, कठडा आहे आणि वाऱ्याने वाकलेली चार झाडं आहेत. मागे बघितलं तर आपलं बंदर, खेळण्यातल्यासारख्या होड्या आणि उन्हाचा समुद्र. पुढे बघितलं तर दुसरा समुद्र, गडद, आणि त्यात ती कमान. पण त्या दिवशी पुढचा समुद्र दिसेना. दरीतून धुकं वर चढत होतं. बघता बघता रस्त्याचं पहिलं वळण त्याने गिळलं.

प्रवासी चहा घेत होते. मी बाबांना कठड्याशी गाठलं.

‘बाबा, आता मी चालवते.’

मला मोठ्या गाडीचं लायसन्स आहे. बाबांनीच शिकवलंय, याच घाटात, बिनमोसमात, रिकाम्या गाडीने. पण प्रवासी असताना त्यांनी मला कधी स्टिअरिंग दिलं नव्हतं.

‘गाडीला हात एकच असावा,’ ते म्हणाले.

‘आत्ता ती मुलगी मेली असती.’

‘त्या टोपीवाल्यामुळे.’

‘टोपीवाल्यामुळे नाही. तिथे हॉर्न वाजत होता. मी ओरडत होते. तुम्हाला...’

त्यांनी मान वळवली. ही त्यांची युक्ती होती. त्यांना बोलणं ओठांवरून कळायचं, म्हणून बोलणं नको असलं की ते सरळ तोंड फिरवायचे. मग ओरडा, रडा, डोकं आपटा, त्यांच्यापुरती खोली रिकामी व्हायची. आईने यापुढे हात टेकले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, ते दुसरीकडे वळले. मी तिकडे गेले, ते पुन्हा फिरले. टपरीवाला बघत होता, त्याला वाटलं असेल आम्ही काही खेळतोय. मला असा संताप आला, असा संताप आला, की त्यांची मान धरून फिरवावीशी वाटली. आणि त्याच वेळी रडूही येत होतं. माझे बाबा, ज्यांनी मला याच कठड्यावर बसवून दोन समुद्र दाखवले होते, ते लहान मुलासारखे माझ्याकडे पाठ करून उभे होते.

‘चला, बसा सगळे!’ त्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘धुकं वाढायच्या आत उतरू.’

प्रवासी चढले. बाबा बसले, त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी माझ्या जागेवर उभी राहिले. ते समोर बघत माझ्या हाताची वाट बघत होते. पहिल्या वळणाशी जाण्याआधी मी हात खाली केला की निघायचं, असा शिरस्ता.

मी हात खाली केला नाही. मी माइक घेतला.

‘मंडळी,’ मी म्हणाले, ‘इतका वेळ मी तुम्हाला माहिती सांगत होते. आता एक खरी गोष्ट सांगते. ही गाडी चालवणारे माझे वडील आहेत. या बेटावर त्यांच्यासारखा ड्रायव्हर नाही. पण त्यांना ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. मी आत्ता बोलतेय तेही त्यांना ऐकू येत नाहीये. हॉर्न आला की मी हात करते आणि ते थांबतात. रुसलेली सून वगैरे काही नाही, ते नुसते दगड आहेत. मघाशी हात या टोपीवाल्या काकांनी केला, पण चूक त्यांची नाही, आमची आहे. पुढचा उतार दरीच्या बाजूने आहे आणि धुकं आहे. मी तुम्हाला हात जोडून विनंती करते, खाली उतरा. कोणीही या गाडीत बसून राहू नका.’

माझा आवाज कापला नाही. मला वाटलं होतं कापेल.

बाबा समोर बघत होते, बोटं स्टिअरिंगवर वाजवत होते. त्यांना वाटत असणार मी कमानीचं काहीतरी सांगतेय. त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं थोडंसं अभिमानाचं हसू होतं, मी बोलत असताना असायचं तसं. ते हसू मला बघवेना.

आधी तान्ह्या मुलीची आई उठली. मग तिचा नवरा. मग विणकामवाली बाई लोकरीचा गुंडा पिशवीत घालून उठली. टोपीवाले काका टोपी काढून बसून राहिले होते, तेही उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकेक जण बाबांच्या शेजारच्या पायऱ्यांवरून उतरला.

बाबांनी डोक्यावरच्या मोठ्या आरशात बघितलं. तो आरसा शाबूत होता. आरशात रिकामे बाक होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांकडे बघितलं. ती सगळी माणसं त्यांच्याचकडे बघत होती, आणि कसं बघत होती ते त्यांना कळायला कानांची गरज नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं.

‘काय सांगितलंस त्यांना?’

मी त्यांच्यासमोर खाली बसले, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी. या वेळी त्यांनी मान वळवली नाही. वळवायला जागाच नव्हती, तिकडे लोक होते.

‘तुम्हाला ऐकू येत नाही असं सांगितलं.’

‘सगळ्यांना?’

‘सगळ्यांना.’

‘माझ्या पाठीमागे.’

‘तुमच्या शेजारी उभी राहून, बाबा. माइकवर.’

मला वाटलं ते मारतील मला. आयुष्यात कधी हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी मला तसं वाटलं, आणि मारलं असतं तरी मी तिथून हलले नसते.

‘संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदराला कळेल,’ ते म्हणाले.

‘कळू दे.’

‘तुला काय जातंय कळू दे म्हणायला! तोंड मला दाखवायचंय.’

‘मला पण दाखवायचंय. मी पण यात होते ना? हात कोण करत होतं?’ माझा आवाज चढला. त्यांना तो ऐकू येत नव्हता, पण मानेवरच्या शिरा दिसत असतील. ‘लोक हसतील, हसू देत. बोलतील, बोलू देत. पण तुमच्या गाडीखाली कोणी आलं तर तुम्ही जगणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला तुम्ही जिवंत हवे आहात. आईला हवे आहात. वस्ताद नसलात तरी चालेल.’

ते समोरच्या धुक्याकडे बघायला लागले. खाली टोपीवाले काका टपरीवाल्याला विचारत होते की बंदरावरून दुसरी गाडी मागवता येईल का. टपरीवाला म्हणाला, यायची म्हणजे दुपार होईल, तोवर धुकं आणखी दाटेल. तान्ही मुलगी पुन्हा रडायला लागली होती. वारा गार होता आणि तिच्या आईने तिला ओढणीत गुंडाळलं होतं.

बाबांना ती दिसत होती.

‘यांना खाली कोण नेणार?’ त्यांनी विचारलं.

‘मी.’

‘धुक्यात कधी चालवलीयस?’

‘तुम्हीच शिकवलीत धुक्यात. मी रडत होते आणि तुम्ही उतरू देत नव्हतात.’

त्यांनी किल्ली काढली. मला वाटलं खिशात घालतील. पण त्यांनी ती काढून हातात धरली, मग पुन्हा तिथेच लावली आणि उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले. माझे बाबा म्हातारे झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ते खाली उतरले, लोकांच्या मधून गेले, कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. फडकं घेऊन त्यांनी बाहेरून पुढची काच पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग दिवे पुसले. ते काम ते स्वतःच करत, कोणाला करू देत नसत.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट पुढे ओढली.

दारात विणकामवाली बाई येऊन उभी राहिली. ‘तुला येते ना गं चालवता? खरं सांग हं. आज एकदा खरं बोललीस, आता मोडू नकोस.’

‘येते मावशी.’

‘मग मी बसते. माझा स्वेटरही अर्धा राहिलाय.’

ती बसली, सुया काढल्या. तिच्यामागून ते जोडपं आलं. मग बाकीचे. टोपीवाले काका शेवटी आले आणि पहिल्या बाकावर न बसता पार मागे जाऊन बसले. हात मांडीखाली घेतले होते की काय, कोण जाणे.

बाबा सर्वांत शेवटी चढले. माझी घडीची सीट उघडून ते माझ्या शेजारी, समोर तोंड करून बसले. मी इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि बस हळूच उताराला लागली.

धुकं काचेला चिकटलं होतं. दिव्यांच्या उजेडात पुढचा वीतभर रस्ता आणि कठड्याचे पांढरे दगड दिसत होते, बास. डावीकडे दरी होती, दिसत नव्हती म्हणून आणखीच भीती वाटत होती. मी गिअर बदलायला उशीर केला तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि अर्ध्यावरून मागे गेला.

पहिलं वळण आलं. मी गाडी थांबवली, खिडकीची काच खाली केली आणि लांब हॉर्न दिला. मग कान दिला. मागे सगळी बस श्वास रोखून ऐकत होती. विणकामवालीच्या सुयासुद्धा थांबल्या होत्या. खाली कुठेतरी पाणी पडत होतं. बाकी काही नाही.

बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

‘आलं उत्तर?’

मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, ‘नाही. रस्ता मोकळा आहे.’ आणि क्लचवरचा पाय उचलायला लागले.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘उत्तर आलं नाही म्हणजे कोणी नाही, असं धरू नकोस. येणारा बहिरा असला तर?’

मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं ते. आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नाही. मी पाय पुन्हा दाबून धरला. आम्ही तिथे थांबून राहिलो, ते काचेतून धुक्यात बघत होते, आणि कोणीही येत नाहीये अशी त्यांची खात्री होईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.